वेळ नसेल तर वहीतला ‘झाडावर’ हा शब्द खोडा

माझ्या पक्ष्यांच्या वहीत ४ डिसेंबर २०२२ नंतर चौदा महिने काहीच नव्हतं. शेवटची नोंद कर्नाळा पक्षी अभयारण्याची. रविवार, सकाळी सव्वासात ते साडेदहा, सत्तावीस जाती, आणि खाली घाईघाईत खरडलेलं, ‘पुढच्या वेळी मोरटाक्याच्या वाटेने.’ ती पुढची वेळ आलीच नाही. त्याच आठवड्यात सासूबाई (मी त्यांना आई म्हणते) न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्या वॉकर घेऊन घरात फिरायला लागेपर्यंत मुलगा दहावीच्या तोंडाशी आलेला. आम्ही नवीन पनवेलला राहतो, माझं ऑफिस फोर्टात. सकाळी ७:४८ ची लोकल, घरी परत यायला रात्रीचे आठ. कर्नाळा घरापासून बारा-एक किलोमीटर. पण रविवारची सकाळच हातात नसेल तर बारा काय नि बाराशे काय.

तुमचाही एखादा छंद असा माळ्यावर जाऊन पडला असेल, तर तो परत खाली कसा काढायचा ते सांगते. उदाहरणं पक्ष्यांची देईन, कारण मला तेवढंच येतं. किल्ले, नाणी, भरतकाम करणाऱ्यांनी आपापलं बसवून घ्यावं.

आधी माझं चुकलं काय ते. वेळ कमी झाला म्हणून मी छंदही कमी केला. दर रविवारऐवजी महिन्यातून एक ठरवला, मग दोन महिन्यांतून एक. तो एक रविवार थकलेल्या हप्त्यासारखा डोक्यावर बसला. पाहुणे आले, मुलाची चाचणी परीक्षा आली, आईंची तपासणी आली की हप्ता चुकला. शेवटी दुर्बीण कपाटाच्या वरच्या फळीवर गेली आणि दिवाळीनंतर तिच्यावर आकाशकंदिलाचं खोकं चढलं.

जमलं ते नेमकं उलटं केल्यावर. जागा आखडली आणि विषय वाढवला.

जुनी वही आणि लाल पेन

विषय वाढवायचा म्हणजे बाजारातून नवा छंद आणायचा नाही. तुमच्या जुन्या नोंदींमध्येच तो असतो. आईंच्या फिजिओथेरपीला गेलं की बाहेरच्या बाकावर पाऊण तास बसावं लागायचं. तिथं मी वही उघडली आणि जिथं जिथं मी काम ढकलून दिलं होतं, ते शब्द लाल पेनाने अधोरेखित केले. ‘झाडावर’ हा शब्द एकसष्ट वेळा निघाला. ‘चोचीत कसलीतरी अळी’ नऊ वेळा. ‘खाडीला पाणी भरलेलं, पक्षी नाहीत, फेरी फुकट’ चार वेळा. ‘झुडपातून आवाज, कळला नाही’ मोजायचं मी सोडून दिलं.

नऊ वर्षं मला भीमराज आणि कोतवाल यांतला फरक कळत होता, पण ते बसायचे ते नुसतं ‘झाड’. लाज वाटली, पण सोयही दिसली. पक्ष्याच्या मागे रानात जावं लागतं. झाड जागचं हलत नाही. ऑफिसला जाताना असतं, येताना असतं, एक दिवस बघायचं राहिलं तर उद्याही तिथंच असतं. ज्याला वेळ नाही त्यानं आधी न हलणारा विषय धरावा.

तर पहिलं काम हे. जुनी वही, डायरी, फोटोंचा फोल्डर, जे असेल ते घ्या आणि आपले मोघम शब्द शोधा. त्यांतला सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द, तो तुमचा पुढचा विषय.

तीन जागा, त्याबाहेर नाही

माझ्या तीन जागा आहेत. गॅलरी, घर ते स्टेशन ही अकरा मिनिटांची वाट, आणि लोकलची खिडकी. खिडकी म्हणजे मिळाली तर. तिघींच्या बाकावर चौथी म्हणून टेकलेल्या बाईला निसर्ग नसतो.

वाटेवरची झाडं मोजली तर एकोणचाळीस भरली, जाती बारा. नावं कळायला दोन महिने लागले. वॉचमनने ‘अशोक’ म्हणून दाखवलेली सोसायटीची उंच सरळ रांग अशोकाची नाहीच, तो आसुपालव. खरा सीताअशोक वेगळा, त्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. आसुपालवाची फुलं हिरवट, दिसतही नाहीत. पण पावसाळ्यात त्याला जांभळट काळी फळं धरतात आणि कोकीळ त्यांवर तुटून पडतात. आमच्याकडे जुलैत एवढे कोकीळ का ओरडतात, हे मला या रांगेनं सांगितलं. कर्नाळ्यानं नव्हतं सांगितलं.

फेब्रुवारीत स्टेशनच्या कोपऱ्यावरची काटेसावर निष्पर्ण होऊन लाल फुलांनी भरली. रिक्षा स्टँडला टेकून सात मिनिटं उभी राहिले. साळुंक्या, कावळे, लालबुड्या बुलबुल, कोतवाल आणि एक शिंजीर, सगळे फुलांतला मध प्यायला. पाच जाती सात मिनिटांत, दुर्बिणीशिवाय. झाड शिकायला गेले आणि पक्षी फुकटात मिळाले.

पंधरा मिनिटं

दर फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ होतो. १९९८ साली अमेरिकेत सुरू झाला, आता जगभर होतो, आपल्याकडेही. अट एवढीच की निदान पंधरा मिनिटं देऊन दिसतील तेवढे पक्षी मोजायचे आणि यादी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची. २०२४ च्या फेब्रुवारीत मी गॅलरीत स्टूल टाकून बसले ती या निमित्ताने. कुकरच्या शिट्या आत मुलाने मोजल्या. पारवे, कावळे, साळुंक्या, दोन घारी, एक तांबट, एक दयाळ. यादी म्हणून दरिद्री. पण वहीत चौदा महिन्यांनी तारीख पडली.

पंधरा मिनिटांत दोन गोष्टी पाळा. एक, तोच पक्षी चार वेळा येऊन गेला तर चार लिहू नका. एका नजरेत जास्तीत जास्त जितके दिसले तोच आकडा लिहायचा. दोन, आवाज आला की मोबाइलला विचारायच्या आधी स्वतःचा अंदाज लिहा, चुकला तरी. मर्लिन हे अॅप आवाजावरून पक्षी सांगतं, आय-नॅचरलिस्ट फोटोवरून झाड-किडा सांगतं, दोन्ही कामाची आहेत. पण आधी अॅप आणि मग आपण, अशी सवय लागली की चार दिवसांनी तोच आवाज पुन्हा अनोळखी वाटतो. माझा तांबट असा तीनदा विसरला गेला. आता भर दुपारी दूर कुणी तांब्याचं भांडं ठोकतंय असं वाटलं, की मान आपोआप उंबराकडे वळते.

कढीपत्त्याची कुंडी

‘कसलीतरी अळी’ या शब्दाचा निकाल घरातच लागला. गॅलरीत रंगाच्या जुन्या डब्यात कढीपत्ता आहे. एका सकाळी आई फोडणीसाठी पानं खुडायला गेल्या आणि म्हणाल्या, “पाखरू शिटलंय बघ पानावर.” पांढऱ्या-तपकिरी रंगाचे ओलसर दिसणारे पाच डाग. पुसायला ओलं फडकं घेऊन गेले तर त्यातला एक डाग सरकला.

फुलपाखराच्या अळ्या. लहानपणी त्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणजे पक्ष्याला खावंसं वाटू नये. मग कात टाकून एके दिवशी पानासारख्या हिरव्या होतात. काडीने हलकंच डिवचलं तर डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. आईंनी नाकाला पदर लावला, पण काडी काही खाली ठेवली नाही.

पाचांतल्या दोन दयाळाने नेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तो कठड्यावर उतरला, शेपटी वर केली, पान हललं आणि चोचीत ‘कसलीतरी अळी’. दोन अळ्या कुठं गेल्या ते कळलंच नाही. उरलेली एक फांदीला रेशमाचा पट्टा बांधून कोष झाली. अकराव्या दिवशी सकाळी मी घराबाहेर पडल्यावर, म्हणजे मी नेमकी लोकलमध्ये असताना, ती फुटली. आईंनी नंतर फोन करून नोंद सांगितली आणि मी गाडीतच उभ्या-उभ्या लिहून घेतली: ‘काळं. खालच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. पंख ओले, लोंबतात. पाऊण तास बसलं, मग समोरच्या बिल्डिंगकडे.’ कॉमन मॉर्मनचा नर. २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलं त्या ब्लू मॉर्मनचा भाऊबंद.

यातली व्यवहाराची गोष्ट अशी की घरात बसून असलेल्या माणसाला वही द्या. ज्यांच्यामुळे माझे रविवार गेले असं मी मनात धरून बसले होते, त्यांच्याकडे आख्खा दिवस होता आणि नजर माझ्यापेक्षा चांगली.

तिथीची पाऊणपट

खाडीचा प्रश्नही आईंनीच सोडवला. त्यांचं माहेर उरणकडचं, वडील मिठागरावर. मी एकदा म्हटलं की ठाणे खाडीवरच्या वाशीच्या पुलावरून कधी चिखल दिसतो, कधी नुसतं पाणी, नशीब लागतं. त्या म्हणाल्या, “नशीब कसलं गं, तिथीची पाऊणपट कर.”

हिशोब असा. कॅलेंडरवर तिथी बघायची, शुद्ध असो की वद्य. तिला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. भरती दिवसातून दोनदा, म्हणून हीच वेळ रात्री आणि दुपारी दोन्हीकडे धरायची, आणि मधे सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो, त्याच्या मागे पाणी. खाडीत आत शिरायला पाण्याला आणखी थोडा उशीर होतो, तेवढं पुढे-मागे धरा.

माझी गाडी सव्वाआठ ते साडेआठच्या मधे पुलावर असते. म्हणजे मला तृतीया-चतुर्थी हवी. तेव्हा भरती रात्री दोन-तीनला होऊन गेलेली असते आणि सकाळी खारफुटीच्या कडेने चिखल उघडा पडत असतो. चतुर्थी लक्षात ठेवायला सोपी, कारण संकष्टीला घरात साबुदाणा भिजलेला असतो. त्या दिवशी मी दोन गाड्या सोडते, पण खिडकी घेते. ठाणे खाडीच्या काही भागाला २०१५ मध्ये रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून दर्जा मिळाला, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं. हे सगळं वाचलेलं होतं, पण कुठल्या दिवशी खिडकीशी बसायचं ते लिहिलेलं नव्हतं.

धावत्या गाडीतून थवा मोजायचा तर एकेक मोजायला जाऊ नका. दहा मोजा, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरा, आणि तेवढे तुकडे किती बसतात ते बघा. लिहायला हात मोकळा नसतो म्हणून माझ्या खुणा ठरलेल्या आहेत: रो, शे, ब, पाका. म्हणजे रोहित, शेकाट्या, बगळा, पाणकावळा. घरी आल्यावर जेवणाआधी त्या मोठ्या वहीत उतरवायच्या. जेवणानंतर उतरवू म्हटलं की संपलं.

हाव

एक महिना मी वाहवत गेले. झाडं जमली, अळी जमली, म्हणून तारे, कोळी, कुत्र्याच्या छत्र्या, रस्त्याकडेचे दगड, सगळ्यांचे रकाने आखले. पट्टीने, रंगीत पेनांनी. आठ रकान्यांतले सहा कोरे राहिले आणि वही उघडताना पुन्हा तोच थकलेला हप्ता आठवायला लागला. आता नियम केलाय की एका वेळी एकच नवा रकाना, आणि त्यात तीस नोंदी होईपर्यंत दुसरा नाही. कोळी अजून रांगेत आहेत.

गेल्या संकष्टीची नोंद अशी: ‘वद्य चतुर्थी. ८:२४, वाशी पूल. पाणी उतरतंय. रो अंदाजे ४०, शे बरेच, ब ६.’ रात्री आई चंद्रोदयाची वाट बघत गॅलरीत बसल्या होत्या. वही हातात घेऊन म्हणाल्या, “चाळीस मोजलेस की ठोकून दिलेस?” चार तुकडे धरले, म्हटलं, पण शेवटचा तुकडा सिग्नलच्या खांबाआड गेला. त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं, चाळीस खोडलं आणि वर लिहिलं, ‘३०, बाकी खांबामागे.’