सिग्नल्समधून रिटायर होऊन व्याख्यानं द्यायला लागलात? मग या चुका टाळा

मी पण सिग्नल्सचाच, म्हणजे फौजेत रेडिओ-टेलिफोनची जोडणी सांभाळणाऱ्या कोरचा, जबलपूरला ट्रेनिंग झालेला. पेन्शनवर आल्यापासून शाळा, कॉलेज, गणपती मंडळं, गावोगावच्या व्याख्यानमाला असं जिथं बोलावतील तिथं जाऊन बोलतो, त्यामुळे नव्यानं घरी आलेले जवान फोन करतात की साहेब, मला पण हे करायचंय, कसं करू. पहिलं सांगतो, जरूर करा. आपल्याकडे १८७५ पासून पुण्यात वसंत व्याख्यानमाला चालू आहे, सातारा-सांगली-कोल्हापूरकडं तर फौजी बोलणार म्हटलं की लोक कामधंदा सोडून येतात, ऐकणारा माणूस आपल्याकडे तयारच आहे. पण काही चुका मी इतक्यांच्या बाबतीत बघितल्यात की एकदा नीट लिहूनच काढतो.

सगळ्यात मोठी अडचण सुरू होते ती "एवढी वर्षं रेडिओ सेटवर बोललोय, स्टेजवर बोलायला काय लागतंय" इथून. अहो, सेटवर पलीकडचा माणूस प्रत्येक मेसेजला उत्तर देतो. कळलं तर रॉजर, नाही कळलं तर से अगेन. वीस वर्षं आपल्या कानाला ती सवय असते, आणि मग समोर तीनशे पोरं बसतात आणि कोणीच काही म्हणत नाही. ती शांतता आपल्याला झेपत नाही, म्हणून माणूस एकतर भराभरा बोलून पंधरा मिनिटात मोकळा होतो नाहीतर तेच तेच परत सांगत दीड तास खेचतो. उपाय असा की पोच चेहऱ्यावर वाचायला शिका. समोरची तीन-चार माणसं धरा, एक डावीकडं, एक उजवीकडं, एक अगदी मागं, आणि त्यांच्याकडं बघून बोला. भुवया आक्रसल्या की वाक्य सोपं करून परत सांगा, मोबाईल बाहेर निघाले की मुद्दा संपवा. आणि मधे मधे खरा प्रश्न विचारा, "कळलं का" असा नाही कारण त्याला सगळे हो म्हणतात, तर "आता लाईन तुटली, तुम्ही काय कराल?" असा. उत्तर आलं की समजायचं मेसेज पोचला.

सेटवरची एक सवय मात्र अजिबात सोडू नका. प्रेस स्विच दाबायच्या आधी काय बोलायचं ते डोक्यात ठरवायचं, दाबल्यावर क्षणभर थांबायचं, मग बोलायचं. स्टेजवर पण माईकसमोर उभं राहिल्यावर एक श्वास थांबा, लोक आपोआप गप्प होतात. लय, वेग, आवाज, पट्टी हे चार पण आपल्याला उस्तादांनी घोटून घेतलेलेच आहेत, फक्त सेटवर पट्टी एकसारखी ठेवायची असते आणि स्टेजवर ती वर-खाली झाली नाही तर लोक झोपतात.

उसने किस्से

आता ज्या चुकीचं मला खरोखर वाईट वाटतं ती. सिग्नल्सच्या माणसाला मनातून वाटत असतं की मी कुठं लढलो, मी तर टेलिफोन एक्सचेंजला होतो, तारा टाकणाऱ्या लाईन पार्टीत होतो, लोकांना तर टायगर हिल पाहिजे. मग तो इन्फंट्रीच्या पलटणींचे किस्से सांगायला लागतो, सुरुवातीला "आमच्या इथं असं झालं होतं" म्हणून, आणि चार कार्यक्रमांनंतर "मी बघितलं" म्हणून. हे करू नका. समोरच्या खुर्चीत खरा माणूस बसलेला असू शकतो, वीरपत्नी बसलेली असू शकते, आणि कोणी नसलं तरी जो गेला त्याची गोष्ट आपल्या नावावर चढवायचा हक्क आपल्याला नाही.

आणि गंमत बघा, आपल्या स्वतःच्या कामात जे आहे ते लोकांनी कधी ऐकलेलंच नसतं. फील्ड टेलिफोनची लाईन कशी असते, साधी दोन पदरी तार, जमिनीवरून, झाडावरून, दगडाखालून नेलेली, हँडल फिरवलं की पलीकडं घंटी वाजते. तोफगोळा पडला की ती तुटते. मग रात्र असो, बर्फ असो, लाईनमन ती तार हातात धरून अंधारात चालत जातो, कारण दिवा लावता येत नाही. एक टोक हाताला लागतं, दुसरं टोक कुठं उडालंय ते चाचपडत शोधायचं, इन्सुलेशन सोलायचं, गाठ मारून जोड घ्यायचा, दोन्ही बाजूला टेस्ट करायची, आणि परत येईपर्यंत दुसरीकडं तुटलेली असायची शक्यता असतेच. हे मी आठवीच्या वर्गात सांगतो तेव्हा टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांतता असते. किंवा बॅटरीचं घ्या, थंडीत बॅटरी लवकर बसते म्हणून ती जवान आपल्या अंगाच्या उबेत, कपड्याच्या आत ठेवतो. स्वतः कुडकुडत असताना. यात बंदूक एकदा पण आली नाही, तरी पोरांना फौज कळते.

कारगिलचं सांगायचंच असेल तर आपल्या बाजूनं सांगा. जून १९९९ मध्ये पॉइंट ५१४० घेतल्यावर कॅप्टन विक्रम बत्रांनी रेडिओवर "ये दिल मांगे मोर" कळवलं हे सगळ्या देशाला माहिती आहे, पण तो रेडिओ त्या उंचीवर चालू राहावा म्हणून काय काय लागतं हे कोणी विचारत नाही, ते तुम्ही सांगू शकता. आणि प्रामाणिकपणे हे पण सांगा की पलटणीतला ऑपरेटर हा पलटणीच्याच सिग्नल प्लाटूनचा असतो, आपली कोर ब्रिगेडची आणि त्याच्यावरची जोडणी बघते. एवढा फरक सांगितला की जाणकार माणूस लगेच ओळखतो की हा खरं बोलतोय. कोरची स्थापना १५ फेब्रुवारी १९११ ची, ब्रीदवाक्य "तीव्र चौकस", ट्रेनिंग सेंटर जबलपूरला आणि आपल्या शेजारी पणजीला, अधिकाऱ्यांचं कॉलेज महूला, हे दोन मिनिटात सांगून टाका, यावर लांबण लावू नका.

हीच चूक दुसऱ्याच्या तोंडून पण होते. निवेदक उत्साहात "कारगिलचे योद्धे, दहा अतिरेक्यांना यमसदनी धाडणारे" असं काहीही ठोकून देतो आणि आपण संकोचानं हसतो. तिथं गप्प बसलात तर ते तुमचंच विधान झालं. स्वतःची ओळख चार ओळीत लिहून आधीच द्या, हुद्दा आधी, मग नाव, मग कंसात निवृत्त, कुठली कोर, किती वर्षं सेवा, बस. तरी चुकीचं बोललाच तर माईक हातात आल्यावर पहिलं वाक्य दुरुस्तीचं. शांतपणे, त्याला न दुखावता. लोकांचा विश्वास तिथंच बसतो.

काय बोलायचं नाही

रिटायर झालो म्हणजे सुटलो असं नसतं, ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट १९२३ आपल्याला आयुष्यभर लागू आहे, आणि सिग्नल्सच्या माणसाकडं बाकीच्यांपेक्षा जास्त माहिती असते. फ्रिक्वेन्सी, कोड, कॉल साईन, कुठल्या पोस्टवर कुठला सेट, कुठलं युनिट आत्ता कुठं आहे, यातलं काहीच नको, जुनं झालं असलं तरी नको. मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरनंतर तर प्रत्येक कॉलेजात ड्रोन आणि जॅमिंगवर प्रश्न येतोच येतो. सरकारनं जाहीरपणे जे सांगितलंय तेवढंच सांगा, त्याच्यापुढं "हे मला सांगता येणार नाही" असं सरळ म्हणा. पोरं नाराज होत नाहीत, उलट त्यांना त्यातच जबाबदारी काय असते ते दिसतं. आणि लक्षात ठेवा, हॉलमध्ये पन्नास लोक असले तरी कोणीतरी व्हिडिओ काढतोय.

राजकीय स्टेजचं पण तसंच. निवडणूक आयोगानं २०१३ मध्ये आणि परत २०१९ मध्ये पक्षांना सांगितलंय की सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नका. तुम्ही आता नागरिक आहात, मत तुमचं तुम्हाला आहेच, पण व्याख्यान म्हणून बोलावलं आणि तिथं गेल्यावर मागं पक्षाचा बॅनर दिसला असं होतं. बोलावणं आलं की आयोजक कोण, बॅनरवर काय, स्टेजवर अजून कोण, हे आधीच विचारून घ्या.

भाषेचं जरा सांभाळा. आपण फौजेत सगळं हिंदीत बोलतो, त्यामुळे स्टेजवर तोंडातून "छुट्टी काटली", "मेरे को बोला गया" असलं निघतं, त्यात डिटॅचमेंट, रिअर, सिटरेप सुरू झालं की समोरची आजी गेलीच. घरी आईशी जसं बोलता तसंच बोला, तुमच्या गावची बोली असेल तर फारच छान.

माईकच्या तक्रारी आणि त्यावर काय करायचं

साउंडवाला आपलाच भाऊ आहे असं समजून अर्धा तास आधी त्याच्याकडं जा. माईक शिट्टी मारतोय म्हणजे स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरतोय, तुम्ही स्पीकरच्या पुढं उभे असाल तर मागं या, माईक स्पीकरकडं वळवू नका, तरी थांबलं नाही तर आवाज थोडा कमी करायला सांगा. प, फ, भ ला फटफट होत असेल तर माईक ओठांसमोरून थोडा बाजूला, चार बोटं अंतर ठेवून धरा. आवाज फाटतोय? परेड ग्राउंडचा आवाज माईकवर लावताय, तो उतरवा. वायरलेस माईक मधेच तुटक तुटक येत असेल तर बहुतेक वेळा सेल उतरलेले असतात, नवे सेल स्वतःच्या खिशात ठेवा, एवढं तरी सिग्नल्सवाल्याकडून अपेक्षित आहे. लाईट गेली तर वाट बघत बसू नका, स्टेजवरून खाली उतरा, पोरांना जवळ बोलवा, हळू बोला. आणि मैदानात उन्हात पोरं बसवली असतील तर ठरलेला वेळ विसरा, वीस मिनिटात संपवा.

पैशाचं मोकळेपणानं बोलावं. गावच्या शाळेला फुकट जा, शाल-नारळ घ्या, पण कंपनीनं त्यांच्या ट्रेनिंगला बोलावलं तर मानधन आणि प्रवासखर्च आधीच ठरवा, मेसेजवर लिहून घ्या. "देशसेवा आहे ना साहेब" असं म्हणून फुकटात उरकणारे भेटतात. टीडीएस कापला असेल तर पेन्शनबरोबर रिटर्नमध्ये तो दाखवायला विसरू नका. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला चार-चार बोलावणी येतात आणि बाकी वर्ष रिकामं जातं, म्हणून शाळा सुरू झाल्या झाल्या जूनमध्येच मुख्याध्यापकांना भेटून २६ जुलैचा कारगिल विजय दिवस, ७ डिसेंबरचा ध्वजदिन, १५ जानेवारीचा आर्मी डे असे दिवस सुचवा.

शेवटी प्रश्नोत्तरं. "काका, तुम्ही किती जणांना मारलं?" हे लहान पोरगं विचारणारच, त्याच्यावर चिडू नका आणि हसण्यावारी पण नेऊ नका, "माझं काम माणसांना एकमेकांशी जोडून ठेवायचं होतं" असं सांगा आणि पुढं चला. एखाद्या गेलेल्या साथीदाराचा विषय निघाला आणि गळा दाटला तर थांबा, पाणी प्या, लोक थांबतात.

पण ज्या प्रश्नाला बहुतेक जण चुकीचं उत्तर देतात तो म्हणजे "भरती कशी होते?" आपण आपल्या वेळचं सांगतो, आधी पळायचं मग पेपर, आणि पोरगं त्याप्रमाणे फक्त पळत बसतं. २०२२ पासून अग्निवीर आलंय, चार वर्षांची नेमणूक आणि त्यातले २५ टक्क्यांपर्यंत पुढं कायम, आणि २०२३ पासून आधी ऑनलाईन परीक्षा, ती पास झाली तरच ग्राउंड. वय, मार्क, उंची यातले नियम बदलत राहतात, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या रात्री जॉईन इंडियन आर्मीच्या साईटवर जाऊन चालू जाहिरात वाचा, शाळेत असाल तर फळ्यावर साईटचं नाव लिहा, आणि दलालाला एक रुपया पण द्यायचा नाही हे आई-बापांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा.