वाचकाला ‘कशी वाटली?’ विचारू नका, गोष्ट सांगायला लावा

कादंबरी छापून आली की लेखक सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारतो, कशी वाटली? आणि आपल्याकडे माणूस तोंडावर वाईट बोलत नाही, निदान ज्याच्या घरचा चहा प्यायलाय त्याच्याबद्दल तरी नाहीच. त्यामुळे उत्तर ठरलेलं, "छान आहे हो, एका बैठकीत संपवली." पुस्तक साडेतीनशे पानांचं आणि बैठक एक, आता यातून काय शिकणार कपाळ!

त्यापेक्षा असं म्हणून बघा, "काका, त्यात काय काय होतं ते मला एकदा थोडक्यात सांगा ना, लोकांच्या लक्षात काय राहतं ते बघायचंय." सुरुवातीला लाजतात, "अहो तुम्हीच लिहिलंय, तुम्हाला काय सांगू" वगैरे होतं, पण एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. तुम्ही फक्त ऐकायचं. माझं मत विचाराल तर वाचकांशी बोलण्याचा नव्वद टक्के फायदा या एका प्रश्नात आहे, बाकीचं नंतर.

आता ऐकायचं काय? एक म्हणजे सुरुवात कुणापासून करतात ते. तुमचा नायक थोरला भाऊ, त्याच्या जमिनीच्या वादावर तुम्ही पन्नास पानं खर्ची घातलीत, सातबारा, फेरफार, तलाठी सगळं अभ्यास करून लिहिलंय, आणि वाचक सुरू होतो, "त्या वहिनी असतात ना, ज्या शिलाईचं दुकान टाकतात..." वहिनींना तुम्ही दिलीत जेमतेम चार पानं. लगेच घरी येऊन वहिनींची पानं वाढवायला बसू नका, आधी त्या पन्नास पानांकडे बघा. वाद कुणाचा आहे, हरला तर कुणाचं काय जाणार आहे, हे वाचकाला कळलेलंच नसतं बहुतेक, आणि वहिनींचं मात्र पहिल्या वाक्यात कळलेलं असतं की दुकान चाललं नाही तर या बाईला माहेरी जावं लागणार.

दुसरं, काय गाळतात. एखाद्याने गाळलं तर सोडून द्या, पण जो येतो तो तेच प्रकरण गाळून पुढे जात असेल तर ते प्रकरण काढून कादंबरी उभी राहते का ते बघा. तिसरं आणि सगळ्यात मजेशीर, पुस्तकात नसलेलं काय घालतात. "शेवटी तो वडिलांना माफ करतो ना, तिथे मला रडू आलं." तुम्ही माफीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. अशा वेळी तोंडून "नाही नाही, मला तिथे असं म्हणायचं होतं की" हे निघायला बघतं, ते गिळायचं, कारण ते निघालं की समोरचा विद्यार्थी होतो, तुम्ही मास्तर होता आणि पुढची दहा मिनिटं तो फक्त मान हलवतो. त्याला विचारा, माफ केलं हे कुठे कळलं? तो म्हणेल, तो वडिलांची औषधं आणतो ना तिथे. झालं की मग! तुमचं काम त्या औषधाच्या पुडीने केलंय, आता पुढच्या पानावरचा कबुलीजबाब कदाचित लागणारच नाही.

वाचन कुठे थांबलं हेही विचारा, पण सरळ विचारलं तर लोक खोटं बोलतात. "मध्ये कधी बाजूला ठेवलं होतं का, घरात गडबड असेल ना" असं विचारलं की खरं बाहेर येतं. याला आणखी एक वाट आहे, तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात जा. अ वर्ग, ब वर्ग कुठलंही चालेल, फक्त तिथे पुस्तकं खरंच फिरत असली पाहिजेत. आपल्या पुस्तकाची प्रत हातात घ्या, कोपरे कुठपर्यंत दुमडलेत, पानं कुठपर्यंत मळलीत आणि कुठून पुढे कोरी आहेत ते बघा. आणि काउंटरवरच्या माणसाशी बोला. पुस्तक परत देताना लोक जे पुटपुटतात ते तो रोज ऐकतो, लेखकाला मात्र ते कुणी कधी सांगत नाही.

आता मागण्या. "हिला मारायला नको होतं," "दोघांचं लग्न लावा," "पुढचा भाग काढा." हे दुखणं जुनं आहे. इंग्लंडात सॅम्युअल रिचर्डसनची ‘क्लॅरिसा’ 1747-48 मध्ये टप्प्याटप्प्याने छापून येत होती, तेव्हा लेडी ब्रॅडशे नावाच्या बाई खोट्या नावाने त्याला पत्रं लिहून विनवत होत्या की नायिकेला मारू नका, शेवट गोड करा. त्याने शेवट बदलला नाही. पण पत्रांतून त्याला एक कळलं की बऱ्याच वाचकांना त्याचा खलनायक चक्क आवडायला लागलाय, आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्याने त्याचं कपट आणखी स्पष्ट दिसेल असे बदल केले, टिपा घातल्या. ते बदल चांगले झाले की नाही यावर वाद घालता येईल (मला तर टिपा घालणारा कादंबरीकार जरा घाबरलेलाच वाटतो) पण रीत बरोबर आहे, मागणी मान्य करायची नाही, ती कशामुळे आली ते शोधायचं.

माहितीतल्या चुकांचं मात्र उलट आहे, तिथे वाचक सांगेल ते निमूट ऐकायचं. समजा 1985 सालची एसटी दाखवलीत आणि कंडक्टर मशीनमधून तिकीट काढतोय, तर रिटायर कंडक्टरचा फोन येणारच की अहो तेव्हा आमच्याकडे तिकिटांचा ट्रे आणि पंच होता. भर पावसाळ्यात हुरडा पार्टी लिहिलीत तर सोलापूरकर सोडणार नाहीत. अशा माणसाला चूक सांगितल्याबद्दल नुसतं थँक्यू म्हणून फोन ठेवू नका, त्याला आणखी बोलतं करा. रात्रीच्या मुक्कामाच्या गाडीत कुठे झोपायचात, डबा कोण द्यायचं, हिशेबात पैसे कमी भरले तर काय व्हायचं? चूक सुधारायला एक ओळ पुरते पण त्या अर्ध्या तासात पुढच्या पुस्तकाचं एक अख्खं प्रकरण मिळू शकतं.

"हा मीच आहे" म्हणणारा वाचक नाजूक प्रकरण. डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ 1849 मध्ये महिन्याच्या महिन्याला येत होती, त्यातल्या मिस माउचर या ठेंगण्या बाईच्या पात्रात जेन सीमोर हिल यांनी स्वतःला ओळखलं. त्या स्वतः तशाच ठेंगण्या, पायांच्या दुखण्यांवर उपचार करायचा त्यांचा व्यवसाय, आणि पात्र वाईट बाजूचं रंगवलेलं होतं. दुखावून त्यांनी डिकन्सला पत्र लिहिलं आणि त्याने पुढच्या भागांत ते पात्र भल्या बाजूला वळवलं. आपल्याकडे तर गाव लहान, भावकी मोठी, आणि आडनाव बदललं तरी विहीर, बांध आणि पाय ओढत चालण्याची लकब तीच ठेवली की ओळखतातच. असं कुणी आलं तर "कादंबरी काल्पनिक आहे" हे पहिलं वाक्य नको. आधी ऐकून घ्या की नेमकं काय लागलं. लोकांना पुष्कळदा वाईटपणा लागत नाही, एखादी खाजगी गोष्ट बाहेर आली हे लागतं, आणि ती पुढच्या आवृत्तीत बदलता येते.

वाचक भेटणार कुठे? हॉलमधल्या प्रश्नोत्तरांत नाही, तिथे "प्रेरणा कुठून मिळाली" हेच येतं. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलापाशी रेंगाळा, सगळे जाईपर्यंत मागे थांबलेल्या माणसाला खरं बोलायचं असतं. दिवाळी अंकात कथेखाली मोबाईल नंबर छापतात तो छापू द्या, सकाळी सातला फोन येतील, काही जण स्वतःचीच कथा ऐकवतील, तेवढं सोसावं. आणि ऑडिओबुक ऐकणाऱ्यांना जरूर गाठा, सुनंदा आणि सुनीता एकाच घरात ठेवल्या तर किती गोंधळ होतो ते तेच सांगतील, कारण पोळ्या लाटता लाटता मागचं पान उलटून बघता येत नाही.

पहिला खर्डा चालू असताना मात्र यातलं काहीच करू नका, कारण तेव्हा कुणी नुसतं "हं" म्हटलं तरी पात्रं वाकायला लागतात. खर्डा पुरा झाला की चार-पाच जणांना द्या, त्यात एकतरी लिहिणारा नसलेला हवा आणि एक त्या कादंबरीतलं काम रोज करणारा. व्हॉट्सॅपवर पीडीएफ टाकली की अंगठा येतो, म्हणून जमलं तर प्रिंट काढून स्पायरल करून द्या आणि परत घ्यायला स्वतः जा, म्हणजे समोर बसून गोष्ट ऐकता येईल. आभाराच्या पानावर त्यांचं नाव घालायच्या आधी एकदा विचारा, काहींना ते नको असतं.