रेडिओ संगणकाला जोडताना या चुका टाळा: सॉफ्टवेअर बदलण्याआधी तार तपासा

गेल्या उन्हाळ्यात खानापूर तालुक्यातला एक कॉलेजचा मुलगा रेडिओ आणि लॅपटॉप पिशवीत घालून माझ्याकडे बेळगावला आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, “काका, तीन सॉफ्टवेअर बदलून बघितली, एकातही अक्षर उमटत नाही.” हौशी रेडिओवाले एफटी८ नावाच्या पद्धतीने स्वरांतून जे छोटे संदेश पाठवतात, ते त्याला रेडिओवर पकडून लॅपटॉपवर वाचायचे होते. पडद्यावर वॉटरफॉल, म्हणजे आवाज रेघांच्या रूपात दाखवणारा पट, मात्र छान सरकत होता. मी लॅपटॉपजवळ टाळी वाजवली, तशी त्या पटावर डावीकडून उजवीकडे पांढरी रेघ उमटली. लॅपटॉप रेडिओ ऐकतच नव्हता. तो त्याच्या अंगच्या माइकमधून आमचे बोलणे आणि पंख्याची घरघर ऐकत होता.

ही चूक इतकी सर्रास होते की तिचे कारण नीट समजून घ्यावे. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपना हेडफोन आणि माइक यांसाठी मिळून एकच भोक असते आणि त्यात चार कप्प्यांची पिन लागते. खडेबाजारात “ऑक्स वायर” म्हणून मागितली तर दोन्ही टोकांना तीन कप्प्यांची पिन असलेली तार मिळते. ती खुपसली की लॅपटॉप तिला हेडफोन समजतो आणि आवाज आत घेण्याऐवजी बाहेर पाठवू लागतो. यावरचा सोपा उपाय म्हणजे माइकसाठी वेगळे भोक असलेले स्वस्त यूएसबी साउंडकार्ड. ते लावल्यावर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये इनपुट म्हणून तेच निवडले आहे याची खात्री करावी आणि मग पुन्हा टाळी वाजवून पाहावी. पटावर टाळीची रेघ उमटली नाही तर अंगचा माइक बाजूला झाला असे समजावे. पट साफ काळा राहत असेल, तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये माइकची परवानगी बंद नाही ना, तेही पाहावे.

दुसरी चूक पातळीची. रेडिओच्या हेडफोनच्या भोकातून व्होल्टच्या घरातला सिग्नल निघू शकतो, तर माइकच्या भोकाला काही मिलिव्होल्टच पुरतात. त्यामुळे आवाज मोठा ठेवला की लहरींचे माथे छाटले जातात, वॉटरफॉलवर एकाच स्टेशनच्या तीन-तीन सावल्या दिसतात आणि “सिग्नल तर जोरात आहे, मग डिकोड का होत नाही” असा प्रश्न पडतो. १० किलोओहम आणि १ किलोओहम अशा दोन रेझिस्टरांचा विभाजक तारेत घातला की सिग्नल सुमारे अकराव्या हिश्श्यावर येतो; सोबत १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असला म्हणजे माइकच्या भोकातून येणारा डीसी दाब रेडिओकडे जात नाही. डब्ल्यूएसजेटी-एक्स हे एफटी८ वाचणारे सॉफ्टवेअर वापरत असाल तर स्टेशन नसलेल्या जागी, नुसत्या खरखरीवर, त्यातला मीटर ३० डीबीच्या आसपास ठेवावा. विंडोजमधली ऑडिओ एन्हान्समेंट मात्र बंदच हवी, कारण माणसाचा आवाज स्वच्छ करण्यासाठी केलेली ती सोय एकसुरी स्वराला गोंगाट समजून पुसून टाकते.

तार आणि पातळी ठीक असूनही काही उमटत नसेल, तर रेडिओच तपासावा. नुसते एएम ऐकवणारा शॉर्टवेव्हचा ट्रान्झिस्टर या कामाचा नाही. त्यावर एसएसबी, म्हणजे सिग्नलचा वरचा किंवा खालचा असा एकच साइडबँड ऐकण्याची सोय, असलीच पाहिजे. त्यातही ७ मेगाहर्ट्झवर बोलणारे हौशी रेडिओवाले खालचा साइडबँड वापरतात म्हणून नवखा माणूस सवयीने तोच, म्हणजे एलएसबी, लावतो. एफटी८ मात्र सगळ्याच बँडांवर वरच्या साइडबँडवर, म्हणजे यूएसबीवर चालते (साउंडकार्डचे यूएसबी वेगळे), ७.०७४ मेगाहर्ट्झवरही आणि १४.०७४ वरही. साइडबँड चुकला तर स्वरांचा क्रम उलटा होतो. पटावर रेघा अगदी खऱ्यासारख्या दिसतात आणि अक्षर एकही येत नाही. शिवाय एफटी८ चे शेजारी स्वर एकमेकांपासून फक्त ६.२५ हर्ट्झवर असतात, त्यामुळे स्वस्त रेडिओची फ्रिक्वेन्सी सुरू केल्या केल्या सरकत असेल, तर त्याला पंधरा-वीस मिनिटे तापू द्यावे.

मग येते घड्याळ. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँकी यांनी २०१७ मध्ये आणलेल्या एफटी८ मध्ये दर १५ सेकंदांना नवा घास, म्हणजे नवा संदेश, असतो आणि त्यातले १२.६४ सेकंद प्रक्षेपण चालते. संगणकाचे घड्याळ दोन-तीन सेकंदांनी चुकले की घास तोंडाशी येऊन हुकतो. काही ओळी उमटत असतील तर डीटीचा, म्हणजे वेळेतल्या फरकाच्या सेकंदांचा, रकाना वाचावा: बहुतेक ओळींत १.८ किंवा २.१ असे सारखेच आकडे असतील, तर इतक्या सगळ्या स्टेशनांचे घड्याळ एकदम चुकलेले नाही, आपलेच चुकले आहे. पडद्यावरची वेळ मनगटी घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे दिसते म्हणून घाबरून विंडोजची वेळ बदलू नये; ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते. नेट नसलेल्या गावी फोनचा हॉटस्पॉट जोडून का होईना, आठवड्यातून एकदा वेळ जुळवून घ्यावी.

शेवटी उरते ती घरघर, आणि आमच्या भागात तिचा पिच्छा सुटत नाही. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो पण अर्थिंग नावापुरतेच, म्हणून रेडिओ आणि लॅपटॉप दोन्ही विजेवर असले की ऑडिओच्या तारेतून ५० हर्ट्झचा गुंजारव शिरतो. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. गुंजारव थांबला, तर ६०० ओहमचा एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर तारेत घालावा. चार्जर काढूनही तडतड राहिली, तर दोष हवेतून येतो. एलईडी दिवे, केबलवाल्याचा डबा, शेजारचा इन्व्हर्टर असे एकेक बंद करत शोधत बसण्यापेक्षा मी वीज जाण्याची वाट पाहतो, आणि उन्हाळ्यात ती फार वेळ पाहावी लागत नाही. वीज गेली की रेडिओ आणि लॅपटॉप बॅटरीवर ठेवून वॉटरफॉल पाहावा: पट एकदम काळवंडला तर चोर घरात किंवा गल्लीत आहे, आणि वीज परत आल्यावर मेन स्विच बंद ठेवून पाहिले की घर की गल्ली हेही कळते. त्या खानापूरच्या मुलाच्या घरी चोर निघाला देवघरातला लुकलुकणारा दिवा. आजीने तो संध्याकाळच्या आरतीनंतर तासभर बंद ठेवायला परवानगी दिली आहे, तेवढ्या तासात तो १४ मेगाहर्ट्झ ऐकतो. फक्त वळिवाचे ढग दिसले की एरियलची तार रेडिओतून काढून खिडकीबाहेर टाकायची, एवढे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले.