सॉकेज म्हणजे काय रे भाऊ?

लंडनला एलएलएमसाठी गेले तेव्हा कायद्याचा इतिहास हा विषय मी केवळ त्याचा तास दुपारी असतो म्हणून घेतला होता. पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, "तुमची मुंबई ग्रीनिचला आहे, माहीत आहे ना?" मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी २७ मार्च १६६८ च्या सनदेची छापील प्रत पुढे सरकवली.

मुंबई दुसऱ्या चार्ल्सने ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंडांवर दिली, एवढं आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. हे दहा पौंड सोन्यात, दर ३० सप्टेंबरला भरायचे होते. पण त्याच वाक्यात पुढे असंही आहे की कंपनीने मुंबई धारण करायची ती 'ईस्ट ग्रीनिचच्या मॅनरची', म्हणजे लंडनजवळच्या राजाच्या एका जहागिरीची, जमीन असल्यासारखी आणि 'फ्री अँड कॉमन सॉकेज'ने. सॉकेज म्हणजे काय, हे पुण्याच्या पाच वर्षांत मला कोणी शिकवलं नव्हतं. सर म्हणाले, "पुढचे तीन आठवडे हा एकच शब्द शोधा. बाकी काही वाचू नका."

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला मीही हेच सांगेन. एक लहान कागद घ्या आणि त्यातल्या एका शब्दाचा पिच्छा पुरवा. 'इंग्लिश कॉमन लॉचा उगम' असा विषय घेऊन ग्रंथालयात शिरलात तर संध्याकाळी रिकाम्या हाताने बाहेर पडाल.

माझा शब्द मला पंधराव्या शतकातल्या थॉमस लिटलटन या इंग्रज न्यायाधीशाकडे घेऊन गेला. जमिनीच्या धारणापद्धतींवरचं त्याचं छोटेखानी पुस्तक साधारण १४८२ मध्ये लंडनला छापलं गेलं. इंग्लंडात छापलेलं कायद्याचं ते पहिलं पुस्तक मानतात. पण विद्यार्थ्याच्या हाती ते बहुधा एडवर्ड कोक या कायदेपंडिताच्या १६२८ च्या टीकेसह, म्हणजे भाष्यासह, येतं, आणि ते पान पाहून मी चक्क हसले. लिटलटनचं मूळ फ्रेंच, शेजारी इंग्रजी भाषांतर, आणि त्याला वेढून कोकची बारीक टायपातली टीका. आपल्या त्रिपाठी पोथीत मूळ मध्ये आणि टीका वर-खाली असते, अगदी त्याच जातीचं पान. पानांचे आकडेही पोथीसारखेच: आकडा पानाला नाही, पत्राला, म्हणजे दोन्ही बाजू मिळून एका कागदाला. पुढची बाजू 'ए', मागची 'बी'. संदर्भात ८६ ए लिहिलेलं दिसलं की पाठोपाठ ८६ बी येणार हे ज्याने पोथी हाताळली आहे त्याला सांगावं लागत नाही. माझ्या वर्गातली इंग्रज मुलं मात्र दोन दिवस गोंधळलेली होती.

तर सॉकेज. लिटलटन म्हणतो, सॉकेज शब्द 'सोका'वरून आला, आणि सोका म्हणजे नांगर. पूर्वी कुळं वर्षातले ठरावीक दिवस आपापले नांगर घेऊन मालकाची जमीन नांगरायला यायची. पुढे त्या चाकरीच्या जागी रोख खंड आला, नाव मात्र तेच राहिलं. आजचे अभ्यासक ही व्युत्पत्ती मानत नाहीत, पण चार्ल्सच्या वकिलांनी हीच शिकलेली असणार. म्हणजे कागदावर कंपनी मुंबईची शेतकरी! लढाईची चाकरी नाही, ठरलेला खंड भरला की झालं.

आणि ग्रीनिच? राजाकडून थेट लष्करी चाकरीच्या बोलीवर जमीन घेतली की तिच्यामागे फार झेंगटं असायची. धारक मेला आणि वारस वयाने लहान असला तर त्याचं पालकत्व राजाकडे, त्याचं लग्नसुद्धा राजाच्या हाती. ते टाळायला राजाच्या एखाद्या मॅनरच्या नावाने सॉकेजने जमीन द्यायची युक्ती निघाली. १६०६ च्या व्हर्जिनियाच्या सनदेतही हेच ईस्ट ग्रीनिच आहे. गंमत अशी की १६६० च्या कायद्याने लष्करी धारणा मोडीतच काढली होती आणि राजाने पुढे दिलेली जमीन सॉकेजचीच धरली जाणार होती. तरी आठ वर्षांनी मुंबईसाठी तेच शब्द पुन्हा आले. मला तर यात जुन्या मसुद्यावरून नवा मसुदा उतरवणारा कारकून दिसतो. आपल्याकडची खरेदीखतं वाचलेल्यांना तो ओळखीचा असेल.

आता तारखांचं. इथे मी तोंडघशी पडले. एका खटल्याच्या टिपणात दावा नोव्हेंबर १६६७ चा आणि निकाल फेब्रुवारी १६६७ चा होता. निकाल दाव्याच्या आधी कसा लागेल? नक्कल करणाऱ्याची चूक समजून मी दाव्याचं साल १६६६ करून टाकलं. निबंध परत आला तेव्हा समासात एवढंच लिहिलं होतं: '२५ मार्च?' इंग्लंडात १७५१ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. १६६७ चा फेब्रुवारी त्याच १६६७ च्या नोव्हेंबरनंतर यायचा, म्हणजे आपल्या हिशेबाने तो १६६८ चा. जुन्या मराठी कागदांतला शुहूर सन जूनमध्ये, मृगाला बदलतो हे मोडीच्या वर्गात घोकलेल्या मुलीने ही चूक करावी, याची मला जास्त लाज वाटली.

त्यात कायद्यांवर इसवी सन नसतोच, राजाचं कारकिर्दीचं वर्ष असतं. राज्याभिषेक शकासारखंच म्हणा. लष्करी धारणा मोडणारा तो १६६० चा कायदा 'चार्ल्स दुसरा, वर्ष बारावं' असा नोंदला आहे. गादीवर बसला त्याच वर्षी बारावं कसं? कारण त्याची कारकीर्द बापाचा शिरच्छेद झाला त्या दिवसापासून, ३० जानेवारी १६४९ पासून मोजली. मधली राजाविना गेलेली क्रॉमवेलची वर्षं जणू झालीच नाहीत! आपल्या जंत्रीसारखंच चेनी यांचं तारखांचं हँडबुक तिकडे आहे. ते टेबलावर उघडं ठेवूनच कामाला बसा.

अक्षरांना घाबरू नका. जुन्या छपाईतला लांब 'एस' हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो. फरक एवढाच की 'एफ'ची आडवी रेघ दांड्याच्या आरपार जाते, याची नुसती डावीकडे टोचलेली असते, आणि कधी तीही नसते. लॅटिन 'सिने', म्हणजे 'शिवाय', मी आठवडाभर 'फाइन' वाचत होते, आणि फाइन हा जमीन हस्तांतराचा खराच प्रकार असल्यामुळे अर्थही लागत होता! हस्तलिखितांचं कोर्ट हँड, म्हणजे जुन्या कोर्टातल्या कारकुनांचं वळण, मात्र निराळं, ते मोडीसारखं हात बसवूनच येतं. लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हजने जुनी लिपी आणि प्राथमिक लॅटिन यांचे धडे इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. ते जायच्या आधी घरीच करून टाका.

भाषेचा बाऊही करू नका. लिटलटनची ती लॉ फ्रेंच ही फ्रेंच माणसालाही धड न कळणारी वकिली बोली आहे. १६३१ मध्ये सॉल्झबरीला एका कैद्याने न्यायमूर्तींवर विटेचा तुकडा भिरकावला. डायर नावाच्या न्यायाधीशाच्या निकालसंग्रहाच्या समासातली त्याची नोंद फ्रेंचमध्ये सुरू होते, पण वीट 'ब्रिकबॅट' आहे आणि नेम 'नॅरोली मिस्ट', जेमतेम हुकला. कैद्याचा हात तोडून लगेच फाशी दिलं, हेही त्याच खिचडीत आहे. कोर्टाच्या कामकाजात इंग्रजी सक्तीची झाली ती २५ मार्च १७३३ पासून. पुन्हा तीच तारीख.

मुंबईत बसूनही पुष्कळ होतं. जुन्या इंग्रजी निकालांच्या 'इंग्लिश रिपोर्ट्स' या संग्रहाचे १७८ खंड चांगल्या विधी ग्रंथालयात किंवा त्यांच्या डेटाबेसवर मिळतात. जुन्या कोर्टांच्या गुंडाळ्यांचे फोटो ह्यूस्टन विद्यापीठाच्या 'अँग्लो-अमेरिकन लीगल ट्रॅडिशन' या संग्रहात मोफत आहेत. कंपनी सरकारचे कागद हवे असतील तर फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार गाठा.

लंडनच्या ग्रंथालयात गेलातच तर पेन लॉकरमध्येच ठेवा, आत फक्त पेन्सिल चालते. पुस्तक फोमच्या उतारावर ठेवायचं आणि पान मिटू नये म्हणून कापडात शिवलेली शिशाच्या मण्यांची माळ त्यावर टाकायची. सिनेमातले पांढरे हातमोजे कोणी देत नाही. धुतलेले, कोरडे हातच बरे, कारण हातमोज्यात कागदाची कड कळत नाही आणि पान फाटतं. स्वेटर न्या. मी पहिल्या दिवशी नेला नव्हता, आणि कोकच्या टीकेतला नांगर सापडला तेव्हा माझे दात वाजत होते.