एएचपी की टॉप्सिस? आधी कोष्टक तपासा

नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यातल्या कारखान्यात पुरवठादार निवडीचं प्रोजेक्ट मिळालं की विद्यार्थी आधी पद्धत शोधायला लागतात: अनेक निकषांवर पर्यायांचा क्रम लावणारी, एएचपी किंवा टॉप्सिससारखी. पण निम्मा निकाल त्याआधीच, पुरवठादारांच्या आकड्यांच्या कोष्टकात, लागलेला असतो.

समजा, दोन पुरवठादार आहेत. अ: नगाला ८० रुपये, रिजेक्शन ६ टक्के, माल ४ दिवसांत. ब: ८८ रुपये, १.५ टक्के, ६ दिवस. भारांक (निकषाला दिलेलं महत्त्व) दराला ०.५, रिजेक्शनला ०.२, डिलिव्हरीला ०.३. तिन्हींत आकडा लहान तितका बरा, म्हणून त्या निकषातल्या सर्वांत लहान आकड्याला प्रत्येकाच्या आकड्याने भागा, भारांकाने गुणा आणि बेरीज करा. अ ०.८५०, ब ०.८५५, ब निसटता पुढे. आता तेच आकडे किमान-कमाल सूत्राने ० ते १ मध्ये बसवा, म्हणजे प्रत्येक निकषात सर्वांत चांगल्याला १, सर्वांत वाईटाला ०. अ ०.८, ब ०.२! दरातला ८ रुपयांचा फरकही इथे ताणून पूर्ण ० ते १ होतो. म्हणून कोणतं सूत्र वापरलं ते अहवालात लिहायचंच. तोंडी परीक्षेत (व्हायवात) परीक्षक हमखास तिथेच बोट ठेवतात.

वर केली तशी भारित बेरीज एक्सेलमध्ये दहा मिनिटांत होते, परचेसवाल्यालाही समजते. पण स्वस्त दर वाईट रिजेक्शन झाकून टाकतो. टॉप्सिसमध्येही (ह्वांग आणि यून, १९८१) एका निकषातल्या तोट्याची दुसऱ्यातून अशी भरपाई चालतेच, कारण ती आदर्श आणि सर्वांत वाईट पर्यायापासूनची अंतरं मोजते. निकष खूप आणि सगळे आकड्यांत असतील तर ती सोयीची. नेहमीची चूक: दर हा 'कमी तितका चांगला' निकष आहे हे विसरून सर्वांत मोठा आकडाच आदर्श धरणं. उत्तर दिसायला ठीकठाक येतं, त्यामुळे पकडलं जात नाही.

सेवा, विश्वासार्हता अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी थॉमस साटी यांची एएचपी चांगली. १ ते ९ च्या मापावर जोड्यांची तुलना करायची. मात्र ८ निकषांच्याच २८ जोड्या होतात. ५ पुरवठादार धरले तर प्रत्येक निकषाला आणखी १०, म्हणजे एकूण १०८ प्रश्न. शिफ्टच्या गडबडीत मॅनेजर पुढची उत्तरं अंदाजानेच देणार, आणि विसंगती गुणोत्तर (उत्तरं एकमेकांशी किती विसंगत आहेत याचं माप) ०.१० च्या मर्यादेवर जाणार. तेव्हा घरी बसून आकडे 'जुळवू' नका. अ हा ब पेक्षा वरचढ, ब हा क पेक्षा, तरी क हा अ पेक्षा वरचढ, असं कुठे झालंय ते शोधा आणि तेवढ्याच तीन जोड्या पुन्हा विचारा. निकष ५-६ वर आणले तर हा त्रास बराच टळतो.

आणखी एक खोड: नवा पुरवठादार यादीत घातला की जुन्यांचा आपसातला क्रम उलटू शकतो. एएचपीत आणि टॉप्सिसमध्ये, दोन्हीकडे.

'रिजेक्शन ५ टक्क्यांवर असेल तर दर कितीही कमी असो, नको,' असं कारखाना म्हणत असेल तर बेरजेच्या पद्धतींत जाऊच नका. एकतर तो पुरवठादार आधीच गाळा, नाहीतर इलेक्ट्रे ही पर्यायांची जोडीजोडीने तुलना करणारी पद्धत घ्या. त्यात नकाराधिकाराची मर्यादा असते: एका निकषात पर्याय त्याहून जास्त मागे असेल तर बाकीचे निकष कितीही चांगले असले तरी तो वरचढ धरत नाहीत. मात्र त्यात कधी कधी दोन पर्यायांची एकमेकांशी तुलनाच होत नाही, आणि पहिला नंबर मागणाऱ्या साहेबांना ते रुचत नाही. प्रॉमेथी या तशाच पद्धतीचा दुसरा प्रकार पूर्ण क्रम देतो, पण प्रत्येक निकषाचे उंबरठे (किती फरक महत्त्वाचा धरायचा ते) तुम्हालाच ठरवावे लागतात.

शेवटी प्रत्येक भारांक २० टक्के वर-खाली करून, बाकीचे त्या प्रमाणात बदलून, क्रम पुन्हा काढा. वरच्या उदाहरणात दराचा भारांक ०.६ झाला की भागाकाराच्या सूत्रानेही अ पुढे जातो.