स्पॅनिश चित्रकार गोयाच्या ‘गावातली बैलझुंज’चं रसग्रहण लिहिताना

प्रतीकांनी सुरुवात करू नका. बैल म्हणजे जनता, पिकाडोर (घोड्यावरचा भालेकरी) म्हणजे सत्ता, गर्दी म्हणजे मूक समाज ही समीकरणं कुठल्याही बैलझुंजीच्या चित्राला चिकटतात, म्हणूनच ती निरुपयोगी. तयार प्रतीकांची यादी हातात देणाऱ्या मार्गदर्शकापासून लांब राहिलेलं बरं.

आधी दहा मिनिटं नुसतं बघा आणि विशेषण न वापरता लिहा. लाकडी फळीवरचं तैलचित्र, सुमारे ४५ बाय ७२ सेंमी, म्हणजे जवळून बघायचं चित्र. मध्यभागी घोड्यावरचा पिकाडोर, समोर बैल, म्हणजे झुंजीचा पहिला, भाल्याचा टप्पा. बांधीव आखाडा नाही. मागे गर्दी आणि गावातली घरं. गर्दीतले चेहरे रंगाच्या ठिपक्यांवर भागवलेत. हे माद्रिदच्या सान फर्नांडो अकादमीत आहे. छापील प्रतीत ठिपके एकमेकांत मिसळतात, म्हणून मोठी डिजिटल प्रतिमा मिळवाच.

आता खरा सापळा. घोड्याच्या अंगावर संरक्षक गादी नाही हे दिसलं की ‘चित्रकार क्रौर्य उघडं पाडतो’ हे वाक्य आपोआप उमटतं. ते खोडा. स्पेनमध्ये ती गादी सक्तीची झाली १९२८ मध्ये, गोया वारला १८२८ मध्ये. त्याच्या काळात उघडा घोडा हा नेहमीचा घोडा होता. आजच्या डोळ्याला खटकणारी गोष्ट चित्रकारालाही खटकली होती, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. त्यासाठी त्याच्याच कामाकडे जा. १८१६ च्या ‘तौरोमाकिया’ या बैलझुंजीवरच्या ३३ मुद्राचित्रांच्या मालिकेत २१ वं चित्र बघा: बैल थेट प्रेक्षकांत घुसलाय, तोर्रेखोन गावचा महापौर शिंगावर लटकलाय. गोयाला अनर्थ दाखवायचा असला की तो असा दाखवतो. गावच्या चित्रात गर्दी जागच्या जागी आहे. हा फरक शब्दांत पकडता आला, तर निबंध निम्मा झाला.

तारखेचंही तसंच. स्पेनचा राजा चौथा कार्लोस याने १८०५ मध्ये झुंजींवर बंदी घातली होती, त्यामुळे ‘बंदीचा निषेध’ हा अर्थ मोहात पाडतो. पण चित्राचा काळ १८०८ ते १८१९ च्या दरम्यान कुठेही धरला जातो. इतक्या सैल तारखेवर राजकीय अर्थ टांगला की पहिल्याच प्रश्नाला तो गळून पडतो. हे चित्र ज्या संचातलं आहे, त्याच संचातली धर्मन्यायालय (इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांवर खटले चालवणारं चर्चचं न्यायालय) आणि वेड्यांचं इस्पितळ ही चित्रं शेजारी ठेवून तुलना जरूर करा. मात्र त्यांची भीती या चित्रात ओतू नका.

वर्णन कोरडं झालंय असं वाटेल. घाबरू नका, पहिला मसुदा कोरडाच हवा. अर्थ दुसऱ्या मसुद्यात, तोही एकच, आणि त्याला आधार देणारे चित्रातले निदान तीन तपशील जागा सांगून द्या: वर, मध्ये, कडेला, नेमकं कुठे ते.