बेदाणा शेडमधला स्वस्त आर्द्रता सेन्सर मिठाच्या बरणीत कसा तपासायचा

ईएसपी८२६६ या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या वाय-फाय बोर्डाला एखादा स्वस्त सेन्सर जोडून बेदाणा शेडसाठी आर्द्रता मीटर करणं हे एका संध्याकाळचं काम आहे. तो मीटर खरं दाखवतो का, हे तपासायला मात्र दोन दिवस लागतात, आणि नेमकं तेच राहून जातं. तासगाव-कवठेमहांकाळकडे मार्च-एप्रिलमध्ये अवकाळीचं वातावरण झालं की मीटरवरच्या ६० आणि ७० या आकड्यांवर ताडपत्री सोडायची की नाही ते ठरतं. अशा वेळी १० टक्क्यांनी चुकणारा मीटर नसलेला बरा.

आधी सेन्सर कोणता घ्यायचा ते. डीएचटी११ घेऊच नका. कागदावरच त्याची चूक अधिक-उणे ५ टक्के आहे आणि २० टक्क्यांच्या खाली त्याचा भरवसा नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारची हवा त्याच्या आसपास कोरडी होते. डीएचटी२२ कागदावर अधिक-उणे २ टक्के सांगतो, पण बाजारात नकली माल भरपूर आहे आणि एकाच पिशवीतले दोन नग वेगवेगळे आकडे दाखवतात. एसएचटी३१ थोडा महाग पडतो, पण घ्यायचा तर हाच. बीएमई२८० घेताना जपून घ्या: त्या नावाखाली बऱ्याचदा बीएमपी२८० माथी मारतात, आणि त्यात आर्द्रता मोजायची सोयच नसते. चिपचा ओळख क्रमांक वाचणारा छोटा प्रोग्रॅम चालवा. हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) ६० आला तर बीएमई, ५८ आला तर बीएमपी.

मोबाइलमधल्या हवामान ॲपशी आकडा ताडून पाहू नका. ॲपमधली आर्द्रता तुमच्या शेडमधली नसते. तीन-चार सेन्सरांची सरासरी काढूनही उपयोग नाही, कारण एकाच लॉटमधले सेन्सर बहुधा एकाच बाजूला चुकतात.

खात्रीचा उपाय म्हणजे मीठ. बंद बरणीत ओलं, पण पूर्ण न विरघळलेलं मीठ ठेवलं की आतली हवा ७५.३ टक्क्यांवर येऊन थांबते. हा आकडा २५ अंश सेल्सिअसचा. २० अंशांना ७५.५ आणि ३० अंशांना ७५.१, म्हणजे घरातल्या तापमानाने फारसा फरक पडत नाही. ताडून पाहायला असा दुसरा ठराविक आकडा देणारा पदार्थ बेदाणावाल्यांच्या घरात आधीच असतो: द्राक्षं डिपिंग ऑइलबरोबर ज्यात बुडवतात ते पोटॅशियम कार्बोनेट. त्याचं संपृक्त द्रावण, म्हणजे आणखी विरघळणार नाही इतकं घातलेलं, बंद बरणीतली हवा ४३.२ टक्क्यांवर धरतं. शेडमध्ये आपल्याला लागणारा पट्टा बराचसा या दोन आकड्यांच्या मधलाच आहे.

मीठ साधं, बारीक, पाकिटातलं घ्या. त्यातल्या आयोडीनने काही बिघडत नाही. खडे मीठ नको, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि आकडा खाली ओढला जातो. उपवासाचं सैंधवही नको. कार्बोनेट नवीन कोरड्या पिशवीतलं हवं. टाकीतलं तेल मिसळलेलं द्रावण चालणार नाही.

३०० ते ५०० मिलीची, झाकण घट्ट बसणारी बरणी घ्या. झाकणाला वायरपुरतं भोक पाडून वायर ओवा आणि भोक ग्लू गनने किंवा एम-सीलने बुजवा. एम-सील वापरलं तर ते पूर्ण वाळून वास जाईपर्यंत सेन्सर आत घालू नका. बरणीत फक्त सेन्सर, बोर्ड बाहेर.

६० ग्रॅम मिठात २० मिली पाणी घालून ओल्या वाळूसारखा लगदा करा आणि प्लॅस्टिकच्या बुटक्या वाटीत घालून बरणीच्या तळाशी ठेवा. वर पाणी तरंगताना दिसलं तर आणखी मीठ घाला. सेन्सर लगद्याच्या वर तीन-चार सेंटीमीटर लोंबता राहू द्या. मिठाचा एक थेंब जरी त्याला लागला तरी तो सेन्सर बाद समजा.

कार्बोनेटचा लगदा ६० ग्रॅमला २५ मिली पाणी, तेही थोडं थोडं घालत करा. मिसळताना तो गरम होतो, म्हणून निवल्यावरच झाकण लावा. हा पदार्थ त्वचेला आणि डोळ्यांना बाधतो. हातमोजे आणि चष्मा वापरा, ॲल्युमिनियमचं भांडं घेऊ नका आणि वाटीवर नाव लिहा, कारण दिसायला तो मिठासारखाच असतो.

आधी कार्बोनेट, मग मीठ, असा क्रम ठेवा. दर वेळी बरणी गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवा. फ्रिजवर किंवा खिडकीत नको. बारा तासांनी बघा. तासाभरात आकडा अर्ध्या टक्क्याहून जास्त हलत नसेल तर तो लिहून घ्या.

इथे सगळ्यात जास्त घात सेन्सर आणि लगदा यांच्या तापमानातला फरक करतो. सेन्सर लगद्यापेक्षा एक अंश जरी गरम असला तरी ७५ च्या जागी ७१ च्या आसपास दाखवतो. म्हणून वाचन मिनिटातून एकदाच घ्या. सेकंदाला चार वेळा वाचलं तर चिप स्वतःच तापते. शेडमधल्या डबीतही हीच चूक होते: ईएसपी आणि सेन्सर एका डबीत कोंबले की बोर्डाच्या उष्णतेने आर्द्रता कमी दिसते, आणि ओल वाढलेली असताना मीटर निर्धास्त राहतो.

आता हिशोब. समजा कार्बोनेटच्या बरणीत सेन्सरने ४७ दाखवले आणि मिठाच्या बरणीत ८१. खरा फरक ७५.३ वजा ४३.२, म्हणजे ३२.१, सेन्सरचा फरक ३४. ३२.१ भागिले ३४ बरोबर ०.९४४. मग ४३.२ वजा (०.९४४ × ४७) बरोबर उणे १.१७. प्रोग्रॅममध्ये एकच ओळ लिहायची:

खरी आर्द्रता = ०.९४४ × दाखवलेली − १.१७

म्हणजे मीटरवर ६४ दिसतात तेव्हा शेडमध्ये ५९ असतात. एखादा नग दहा टक्क्यांहून जास्त चुकत असेल, किंवा तीच बरणी पुन्हा लावल्यावर दोन टक्क्यांहून वेगळा आकडा देत असेल, तर दुरुस्तीच्या नादी न लागता तो बदला.

शेडमध्ये सेन्सर मधल्या रॅकवर, जाळीला न टेकता, पत्र्यापासून लांब आणि पूर्ण सावलीत टांगा. एसएचटी३१ ची आय-टू-सी वायर (सेन्सरपासून बोर्डापर्यंत आकडे नेणारी) मीटरभराच्या आत ठेवा. लांब वायर ओढायचीच असेल तर डीएचटी२२ बरा, डेटा लाइनला ४.७ किलोओहमचा पुल-अप (डेटा वायर आणि पुरवठ्याची वायर यांच्यामध्ये जोडायचा रेझिस्टर) लावून आणि दोन वाचनांत किमान दोन सेकंद सोडून.

गंधकाची धुरी देणार असाल तर त्याआधी सेन्सर काढून कोरड्या बंद डबीत ठेवा; त्या वायूने तो खराब होतो. हाच मीटर पावसाळ्यात महाबळेश्वर-पाटणकडे वापरायचा असेल, तर ८० टक्क्यांवर दिवसचे दिवस राहिलेला सेन्सर दोन-तीन टक्के जास्त दाखवू लागतो हे धरून चाला. कोरड्या हवेत काही दिवस ठेवल्यावर तो हळूहळू मूळपदावर येतो. त्यानंतर आणि दर हंगामाला पहिला माल रॅकवर पडण्याआधी, दोन्ही बरण्या पुन्हा लावून ती ओळ नव्याने काढा.